अखंड दिवा पहाटे तीनला शांत होतो : खोट वातीत की तेलात?

रात्री झोपताना समई काठोकाठ भरली, वात जरा पुढे सारली, ज्योत पिवळी आणि स्थिर. पहाटे उठून पाहावं तर देवघरात अंधार. समईत तेल निम्म्याहून जास्त शिल्लक, आणि वात चोचीपर्यंत जळून नुसता कोळसा झालेली.

नवरात्राचा दिवा माझ्या हाती आला त्या पहिल्या वर्षी, आमच्या वाईच्या घरात, हे लागोपाठ तीन रात्री झालं. तिसऱ्या पहाटे मी सासूबाईंना उठवलं, "आई, दिवा विझला हो." त्यांनी आधी शब्द सुधारला, "विझला म्हणू नये, शांत झाला म्हणावं." मग विचारलं, "वात कसली घातलीस?"

वात मी बाजारातून आणलेली होती. नंतर वाटलं, बारीक आहे म्हणून जळून जाते. म्हणून घरी कापूस घेऊन करंगळीएवढी जाड, पीळ घट्ट आवळून एक वात वळली. दोरखंडच म्हणा ना. ती तर आदल्या दिवशीपेक्षाही लवकर गेली. तेव्हापासून दरवर्षी थोडं थोडं करत जे कळत गेलं ते इथे लिहिते आहे, कारण भाद्रपद संपत आला की हाच प्रश्न मला चार जणी तरी विचारतात.

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. वात जळण्यासाठी नसते. तेल कापसाच्या तंतूंमधल्या फटींतून वर चढतं, टोकाशी तापतं, त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. तेल टोकाशी पोचतंय तोवर कापसाला फारशी झळ लागत नाही. तेल कमी पडलं की ज्योतीला खायला कापूसच उरतो, आणि कापूस तर दोन मिनिटांत जातो. म्हणून 'जास्त टिकणारी वात' म्हणजे जाड वात नव्हे, तेल न अडखळता पोचवणारी वात. माझ्या दोरखंडात पीळ इतका आवळलेला होता की तेलाला वर जायला जागाच नव्हती.

तेव्हा दिवा शांत झाला की आधी समईत बघा. तेल संपलं असेल तर वातीचा दोष नाही. तेल आहे आणि वात कोळसा झाली आहे, तर तेल वाटेत कुठेतरी अडलं. तेल आहे, वातही धड आहे आणि टोकावर काळं बोंड धरलं आहे, तर ती काजळीची तक्रार. आणि वात स्वच्छ, टोक ओलं, तेलात बुडालेलं असेल तर ती मागे घसरली. या चारही तक्रारींचे उपाय वेगवेगळे आहेत.

तेल आहे, वात जळून गेली

यात सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण पीळ हेच. दुसरं कारण तेलाची पातळी, आणि याकडे कुणाचं लक्ष जात नाही. रॉकेल पाण्यासारखं पातळ असतं, म्हणून कंदिलाची पट्टी ते खालच्या टाकीतून वीतभर वर ओढून घेते. तिळाचं किंवा शेंगदाण्याचं तेल त्या मानाने कितीतरी घट्ट. ते वातीतून आडवं बोटभर, फार तर दीड बोट चढेल, पुढे ज्योतीला पुरेल एवढं येत नाही. पणती उथळ का असते, समईचं तबक पसरट का असतं, याचं उत्तर हेच आहे. जुन्या लोकांनी भांडं तेलाच्या स्वभावाप्रमाणे घडवलं. आपण मात्र दिसायला छान म्हणून उभट काचेची वाटी किंवा खोलगट निरांजन आणतो आणि रात्रभर चालेल अशी आशा धरतो.

हिशोब सोपा आहे. माझ्या समईत एका वातीला तासाला साधारण एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली तेल लागतं. तुमचं किती लागतं ते असं मोजा: समई एका खुणेपर्यंत भरा, तासभर जळू द्या, मग त्याच खुणेपर्यंत परत भरायला किती चमचे लागतात ते बघा. आता ५ मिलीच धरलं, तर १० सेंटिमीटर रुंदीच्या तबकात ८ तासांत पातळी अर्धा सेंटिमीटर उतरते. ५ सेंटिमीटरच्या निरांजनात तेवढ्याच वेळात २ सेंटिमीटर. म्हणजे निरांजनात तेल उरलेलं दिसतं, पण ते वातीच्या आवाक्याबाहेर गेलेलं असतं. अखंड दिव्याला पसरट समईच घ्या, आणि पाच चोचींपैकी एकीतच वात ठेवा. तासाला ५ मिलीच्या हिशोबाने नऊ दिवसांना लिटरभरापेक्षा थोडं जास्त तेल लागतं. घरात दीड लिटर असू द्यावं.

तिसरं कारण भेसळीचा धागा. रंगीत दोरा, नाडा किंवा 'सुती' म्हणून विकलेली विणलेली वात यांत पुष्कळदा पॉलिएस्टर असतं. एक धागा चिमट्यात धरून पेटवून बघा. कापूस कागदासारखा वास देत जळतो आणि बोटाने चुरडेल अशी मऊ राख उरते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाशी टणक मणी होतो. तो मणी वातीच्या तोंडावर बुचासारखा बसला की तेल कुठून येणार?

चौथं कारण अगदीच साधं: वात भिजवली नव्हती. कोरडी वात तेलात टाकून लगेच पेटवली की पहिल्या मिनिटातच बोटभर कापूस जळून जातो, कारण तेल अजून वर यायचंच असतं. वाती आदल्या रात्री तेलात बुडवून ठेवायच्या. एवढ्या एका सवयीने निम्म्या तक्रारी मिटतात.

कापूस कोणता, आणि वात वळायची कशी

आमच्या परसात देवकापसाचं झाड आहे. शेतातल्या कपाशीसारखं दरवर्षी लावावं लागत नाही. वर्षानुवर्षं उभं असतं, बोंडं फुटतील तशी वेचायची. कोकणात आणि घाटावरही जुन्या घरांच्या मागे हे झाड खास वातींसाठी आणि देवाच्या वस्त्रांसाठी लावलेलं असतं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी साधा, न धुतलेला, सरकी काढलेला कापूस घ्यावा. गादीवाल्याकडे मिळतो, फक्त जुन्या गादीतला पुन्हा पिंजलेला नको, तो तुटक तंतूंचा असतो.

औषधाच्या दुकानातला कापूस चालतो का, असं हमखास विचारतात. चालतो, पण त्याचं एक गणित आहे. कच्च्या कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ लेप असतो. त्यामुळे तो पाण्यावर तरंगतो, भिजत नाही. तेल मात्र झटकन पितो. दवाखान्याच्या कापसाचा हा लेप मुद्दाम काढून टाकलेला असतो, म्हणून तो पाण्यात टाकताच बुडतो. आपल्याला हवा आहे तेल पिणारा, आणि ते काम कच्चा कापूस धुण्याशिवाय करतो. तेव्हा 'कापूस सोड्यात उकळून घ्या' हा सल्ला मी तरी मानत नाही. दवाखान्याचाच कापूस वापरायचा असेल तर वाती करून कडक उन्हात ठेवा, कारण आश्विनातसुद्धा हवेत ओल असते आणि हा कापूस ती शोषतो.

वळण्याची रीत सांगते. बोंडातली सरकी काढायची, कापूस हाताने मोकळा करायचा, पण पिंजून पिंजून त्याचा भुगा करायचा नाही. लांब तंतू लांबच राहिले पाहिजेत. त्याचा बोटाएवढा पेळू, म्हणजे सैल लांबट गुंडाळी, ओढायचा. डाव्या हाताने ओढत, उजव्या हाताने मांडीवर किंवा पाटावर हलक्या हाताने वळत जायचं. बोटं घसरत असतील तर चिमूटभर राख लावावी. काही घरांत दुधाचं बोट लावतात. तसं केलं तर वाती पुरत्या सुकवून मगच तेलात घालाव्यात.

एक धागा जाड सुतळीपेक्षा जरा बारीक, सव्वा हात लांब. असे तीन धागे घ्यायचे. तिघांना एकाच दिशेला सैल पीळ द्यायचा आणि मग एकत्र करून उलट्या दिशेने हलकाच पीळ द्यायचा. उलट्या पिळामुळे ती सुटत नाही, आणि धाग्यांच्या मधल्या खाचा म्हणजे तेलाचे पाट. पीळ किती? वात दोन बोटांत धरून दाबली तर दबली पाहिजे आणि सोडली की फुलली पाहिजे. दबत नसेल तर उकला आणि परत वळा. सासूबाई दोन वातींची जोडवात करतात, एकटी वात लावू नये म्हणून. कारण काहीही असो, दोन वातींच्या मधली खाच तेल ओढते हे खरं.

झालेल्या वाती दोन दिवस उन्हात, मग बरणीत. घटस्थापनेच्या आदल्या रात्री तेलात. समईत घालताना सगळी लांबी एका जागी गुंडाळी करून कोंबू नका. तबकाच्या कडेने सापासारखी सपाट पसरा, म्हणजे ती सगळी तेलाखाली राहते. चोचीबाहेर टोक किती काढायचं? गव्हाच्या दाण्याएवढं. हरभऱ्याएवढं काढलं तर ज्योत उंच होते, धूर धरते आणि देव्हाऱ्याचं छत काळं करते. तेल नीट पोचत असेल तर माझी वात दिवसाला एका पेरापेक्षा कमी सरते. सव्वा हाताची वात नऊ दिवस पुरून वर उरते.

कुणी कुणी मधून तांब्याची बारीक तार घालतात. वात ताठ राहते, घसरत नाही, ते ठीक. काचतंतूची 'कायमची वात'ही बाजारात मिळते. ती जळत नाही हे खरं, पण आपल्या घट्ट तेलात लवकर चिकट होते आणि मग बदलावीच लागते. मला ती आवडली नाही. नऊ दिवस एका प्लास्टिकच्या पाकिटातल्या वातीकडे बघत जप करायचा, हेही जरा जड जातं.

काळं बोंड धरतं

वातीवर काजळी थोडी धरणारच. पण तासाभरात वाटाण्याएवढं बोंड होत असेल तर तेल बघा. घाण्याचं तेल ताजं असलं की त्यात पेंडीचा गाळ असतो. आठ दिवस न हलवता ठेवून वरचं निवळ तेल घ्यावं. तळणीचं उरलेलं तेल दिव्याला घालण्याची काटकसर करू नये. त्यात पिठाचे कण, मीठ, हळद सगळं असतं, आणि ते सगळं वातीच्या टोकाशी येऊन बसतं. गेल्या वर्षीचं उरलेलं, खवट वास येणारं, बोटाला चिकटणारं तेलही नको. समईच्या तळाशी जुन्या तेलाचा राळेसारखा थर बसलेला असतो, तो नव्या तेलात उतरतो. घटस्थापनेपूर्वी समई सुटी करून चिंच आणि राखेने घासा, चोचींच्या खाचा काडीने कोरा आणि उन्हात पूर्ण वाळवा. पाण्याचा थेंब राहिला तर ज्योत तडतडते, ठिणग्या उडतात आणि तळाचं पाणी वातीत चढलं की दिवा गेलाच. तडतड ऐकू आली की बायका 'पाहुणे येणार' म्हणतात; मी फडकं घेऊन समईचा तळ बघते.

काजळी काढायची म्हणजे दिवा शांत होण्याची सगळ्यात मोठी जोखीम. यावर जुना उपाय इतका चांगला आहे की त्यात काही भर घालायला नको. आधी त्याच ज्योतीवरून एक निरांजन लावून घ्यायचं. मग चिमट्याने काजळी अलगद मोडायची, वात सळईने गव्हाएवढी पुढे सारायची. चुकून शांत झाली तर निरांजनावरून पुन्हा लावायची. म्हणजे ज्योत तीच राहते. वातच बदलायची असेल तर नवी भिजलेली वात शेजारच्या चोचीत घाला, जुनीवरून पेटवा, ती स्थिर झाली की जुनी काढा. मी हे दिवसातून तीनदा करते: सकाळच्या पूजेला, संध्याकाळी दिवेलागणीला आणि रात्री झोपताना. झोपतानाची फेरी चुकली की पहाटे तीनची गाठ ठरलेली.

तेलांविषयी थोडं

तिळाचं तेल मला सर्वात विश्वासाचं वाटतं. शेंगदाण्याचं चालतं. खोबरेल स्वच्छ जळतं, कोकणात आणि गोव्यात ते दिव्याला सर्रास घालतात. पण २४ अंशांच्या खाली ते थिजायला लागतं. नवरात्रात वाईला एखादी रात्र तशी निघते आणि कार्तिकात तर निघतेच. थिजलेल्या खोबरेलात वात उपाशी मरते. एरंडेल सावकाश जळतं, धूर कमी, म्हणून कुणी त्याची शिफारस करतं. पण ते तिळाच्या तेलापेक्षा दहापट घट्ट आहे. एरंडेल घालायचं तर वात आणखी सैल वळा आणि पातळी कधीच उतरू देऊ नका. तूप निरांजनाला आणि फुलवातीला छान, आरतीपुरतं. रात्रभराच्या दिव्याला नको. ज्योतीपासून दूरचं तूप रात्री गोठतं.

रॉकेल कशातही मिसळू नका. साध्या गोडेतेलात पेटती काडी बुडवली तर ती विझते, म्हणून तर वात लागते. रॉकेल मिसळलं की हा भरवसा संपतो.

वारा आणि आग

छताचा पंखा हा दिव्याचा पहिला शत्रू. ज्योत एका बाजूला झुकली की चोचीचं पितळ तापतं, एका अंगाने वात जास्त जळते आणि ती आत आत सरकत येते. काचेची चिमणी लावता येते, पण खालून हवा येईल एवढी फट हवी. चारी बाजूंनी बंद काचेत ज्योत गुदमरते. आमच्याकडे देवघराच्या खिडकीला नऊ दिवस सुती पंचा बांधलेला असतो.

वात आत सरकत येऊन तबकातच पेटली, तर त्यावर पाणी ओतू नका. जळत्या तेलात पाणी म्हणजे भडका. ताट किंवा परात उपडी झाकायची, झाकण लगेच उचलायचं नाही. समई परातीत, लाकडी पाट आणि पडद्यांपासून हातभर लांब ठेवा. दिवा अखंड ठेवायचा म्हणून घर बंद करून बाहेर जायचं नाही. ज्यांना समईवर सतत लक्ष ठेवणं जमत नाही, त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे: काचेच्या भांड्यात खाली पाणी, वर दोन-तीन बोटं तेल आणि त्यावर पत्र्याच्या चकतीतून ओवलेली, बुचावर तरंगणारी छोटी वात. तेल उतरलं तरी वात तेलाबरोबर उतरते, दोघांमधलं अंतर बदलत नाही. तेल संपलं की पाणी वातीला लागून ती आपोआप शांत होते. समईची शोभा तिला नाही, पण घरी वयस्क माणूस एकटं असेल तर मी हीच सुचवेन. एवढं करूनही घरात माणूस नसताना दिवा पेटता ठेवू नका.

आणि एक कारण जे मला सुचलंच नाही

तीन वर्षांपूर्वी सगळं जमलं होतं. देवकापसाची सैल वात, निवळ तेल, घासलेली समई, खिडकीला पंचा. पाचव्या माळेला पहाटे उठले तर अंधार. तेल पुरेसं, काजळी नाही, राख नाही, कोळसा नाही. वातच नाही. मी सासूबाईंना बोलावलं. त्यांनी विजेरी घेतली, समईकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ कोनाड्याखालच्या फडताळाकडे गेल्या आणि वाकून म्हणाल्या, "ही बघ, इथपर्यंत नेली आणि टाकली." तेलाने माखलेली अर्धी वात, टोकाला जळकी, फळीवर पडली होती, शेजारी दाताने कुरतडलेला पुठ्ठा. उंदीर.

ती विझल्यावर नेली की पेटती असताना, हे कळायला मार्ग नव्हता. पुठ्ठ्याची कड जराशी तपकिरी झालेली मात्र मी पाहिली. त्या दिवसापासून समई पाण्याने भरलेल्या रुंद परातीत, मधोमध उलट्या वाटीवर उभी असते. भिजवलेल्या वातींची बरणी झाकण घट्ट लावून वरच्या फळीवर. आणि सातव्या माळेच्या आत पिंजरा लावायचा, हे कॅलेंडरवर लिहिलेलं आहे.